बाळासाठी आलेल्या जुन्या वस्तू: काय ठेवायचं, काय द्यायचं आणि काय मोडून टाकायचं?

मागच्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी कुवेतहून कार्गोने एक भला मोठा खोका आला. तिला सातवा महिना लागलाय. तिच्या मोठ्या नणंदेने आपल्या तीन मुलांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या एकत्र बांधून पाठवल्या. कपडे, दुलया, बाबागाडी, वॉकर, एका बाजूची जाळी खाली सरकणारा लाकडी पलंग, गाडीत लावायची बाळाची सीट, दुधाच्या बाटल्या, बाटल्या उकळायचं यंत्र, दूध काढायचा पंप, खेळणी. खोका उघडल्यावर घरात दोन दिवस आनंदीआनंद होता. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"आपा, पलंगाचे दोन स्क्रू नाहीतच, तिथे तार बांधलीय. वॉकरबद्दल डॉक्टरीण बाई आधीच नको म्हणाल्यात. पण बाजींनी एवढ्या प्रेमाने पाठवलंय, नाही कसं म्हणू? आणि ठेवायचं नसेल तर हे सगळं देऊ कुणाला?"

रत्नागिरी, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यात असे खोके घरोघरी येतात. ज्यांचं कुणी आखातात नाही, त्यांच्याकडे खालाकडून, चाचीकडून किंवा शेजारच्या बिल्डिंगमधून वस्तू येतात. एका रविवारी आम्ही बहिणीकडे गेलो आणि पडवीत बसून सगळा खोका वेगळा केला. तेव्हा जे शिकलो, वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, ते इथे मांडतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जुनी वस्तू वापरण्यात काही कमीपणा नाही. बाळ तीन महिन्यांत कपड्यातून बाहेर पडतं, सगळं नवीन घेणं परवडतही नाही आणि गरजेचंही नाही. प्रश्न जुन्या-नव्याचा नसून ती वस्तू बाळासाठी सुरक्षित आहे की नाही, एवढाच आहे.

आमच्या हातून झालेली चूक

हा विषय आम्हाला का लागून राहिला, ते सांगणं भाग आहे. आमचा मुलगा आठ महिन्यांचा असताना आम्हीही वॉकर घेतला होता. एकदा तो त्या वॉकरसकट ओट्यावर जाऊन आदळला. हनुवटी फुटली, पण थोडक्यात निभावलं. आम्ही वॉकर माळ्यावर टाकला. काही महिन्यांनी घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना नातू झाल्याचं कळलं, तेव्हा तोच वॉकर पुसून-बिसून त्यांना दिला. मनात आलं, चला, सदका झाला, माळाही मोकळा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी एक दिवस नातवाला कडेवर घेऊन आल्या. कपाळावर टाके होते. उंबऱ्यावरून वॉकर उलटला होता. त्या म्हणाल्या, "तुमचा काय दोष बाई, पोर चपळ आहे." आम्ही गप्प राहिलो. आमच्या मुलासाठी जी वस्तू धोक्याची म्हणून काढून टाकली, तीच त्यांच्या नातवाला देताना आम्ही धोक्याचा एक शब्दही सांगितला नव्हता. ते टाके आजही डोळ्यांसमोर येतात.

म्हणून 'नको असलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकू' हे वाक्य आता आम्हाला तितकं सोपं वाटत नाही.

वॉकर: घरात नको आणि दुसऱ्याच्या घरातही नको

वॉकरमुळे बाळ लवकर चालायला शिकतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. बालरोगतज्ज्ञ नेमकं उलटं सांगतात. वॉकरमध्ये बाळ पायाच्या बोटांवर रेटा देऊन सरकतं. स्वतःचा तोल सांभाळायचा, पडायचं, उठायचं, हा खरा सराव होतच नाही. त्यामुळे चालणं लवकर येत नाही, काही मुलांमध्ये उशीरच होतो.

धोका वेगाचा आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. तुम्ही समोर बसलेले असलात तरी हात पोहोचेपर्यंत ते पायरीवरून खाली गेलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा १५ महिन्यांखालच्या २ लाख ३० हजारांहून अधिक बाळांना वॉकरच्या अपघातामुळे इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागल्याचं दिसलं. चारपैकी जवळपास तीन बाळं जिन्यावरून पडली होती आणि ९० टक्क्यांहून अधिक बाळांना डोक्याला किंवा मानेला मार लागला होता. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी जुन्या, वापरलेल्या वॉकरलाही लागू आहे.

आपल्या घरांचा विचार करा. पडवीच्या पायऱ्या, उंबरा, न्हाणीतली भरलेली बादली, टेबलक्लॉथच्या टोकाशी असलेला चहाचा कप. उभ्या बाळाचा हात बसलेल्या बाळापेक्षा कितीतरी वर पोहोचतो.

आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ आत बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. म्हणजे तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. चाकं फार सैल नसतील, खिळा वर आलेला नसेल आणि मोठं माणूस सोबत असेल तर उभं राहू लागलेल्या बाळाला तो चालतो. मात्र जिन्याजवळ तोही नको.

पलंग आणि पाळणा

एका बाजूची जाळी खाली-वर सरकणारे पलंग एकेकाळी घरोघरी होते. सरकणाऱ्या बाजूची खिटी झिजली की जाळी एका टोकाला सुटते, फट पडते आणि बाळाची मान त्यात अडकते. अमेरिकेत अशा पलंगांमुळे तीसहून अधिक बाळं दगावली. त्यानंतर २८ जून २०११ पासून तिथे त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आखातातून आलेला पलंग दहा-पंधरा वर्षांचा असेल तर तो या प्रकारचा असण्याची शक्यता बरीच असते.

जाळी न सरकणारा पलंग असेल तर मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि पुढच्या गोष्टी तपासा:

- दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून खाली सरकतं आणि डोकं अडकतं.
- गादी आणि पलंगाच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.
- सगळे स्क्रू मूळचेच हवेत. तार, सुतळी किंवा खिळा ठोकून केलेली जोडणी चालत नाही.
- कोपऱ्यांवर वर आलेले खुंट नकोत, त्यात कपडा अडकून गळ्याला फास बसतो.

आता घरातल्या जुन्या पाळण्याबद्दल. दादीच्या काळापासून चालत आलेला, रंगवलेला लाकडी पाळणा अनेकांकडे असतो आणि त्याच्याशी मन गुंतलेलं असतं. इथे अडचण रंगाची आहे. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगांत शिसं असू शकतं. दात येताना बाळ पाळण्याची कड चावतं आणि सुटलेली पापुद्री पोटात जाते. शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याची अमुक एक मात्रा सुरक्षित आहे, असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. जुना रंग घरात कोरडा घासून काढणं तर आणखी वाईट, कारण धूळ सगळीकडे बसते. असा पाळणा आठवण म्हणून ठेवा, त्यात दुलया रचून ठेवा, पण बाळाला त्यात झोपवू नका.

उशा, गाद्या आणि तिरक्या झोपण्याच्या खुर्च्या

खोक्यात पलंगाच्या कडेने बांधायच्या मऊ लोडांचा सुंदर नक्षीदार संच होता. बाळाच्या डोक्याला गज लागू नयेत म्हणून हे लोड असतात. बाळ त्यात तोंड खुपसून गुदमरू शकतं. बाळाला अर्धवट तिरकं झोपवणाऱ्या आसनांचंही तसंच आहे. तिरक्या स्थितीत मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. तीन महिन्यांच्या बाळाला मान परत वर उचलता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अशी सुमारे ४७ लाख आसनं एका वेळी बाजारातून परत मागवावी लागली. २०२२ च्या कायद्याने तिथे तिरकी झोपण्याची आसनं आणि कडेचे मऊ लोड या दोन्हींवर बंदी आली.

पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट आणि जराशा कडक गादीवर झोपवायचं. बिछान्यात उशी, मऊ खेळणी आणि सैल दुलई नको. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो. सासूबाई म्हणतात, 'आमची सगळी मुलं उशीवरच वाढली.' वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच डॉक्टरांकडे सोबत न्या. तोच सल्ला डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की त्यांना लवकर पटतो.

गाडीतली सीट

ही वस्तू सरसकट नाकारू नका, पण चौकशी नीट करा. सीटच्या मागे किंवा तळाला उत्पादनाची तारीख असते. कंपनीप्रमाणे मुदत साधारण सहा ते दहा वर्षं असते, कारण प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं आणि आखातातल्या उभ्या गाडीत ऊन किती लागतं ते वेगळं सांगायला नको. युरोपीय प्रमाणाच्या सीटवर केशरी लेबल असतं. त्यावरचा मान्यता क्रमांक ०१ किंवा ०२ ने सुरू होत असेल तर ती सीट फारच जुनी असू शकते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न देणाऱ्यालाच विचारायचा असतो: ही सीट लावलेली असताना गाडीला कधी अपघात झाला होता का? एका धडकेनंतर सीट वरून चांगली दिसते, पण आतून तडकलेली असू शकते. ज्याने दिली त्याचा पत्ता नाही, इतिहास माहीत नाही, अशी सीट घेऊच नका.

आपल्या देशातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांची सीट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडाचं जाऊ द्या, पण मांडीवर घेतलेलं बाळ धडकेच्या क्षणी कुणाच्याही हातात राहत नाही, मग ती आई कितीही सावध असो.

बाटल्या, पंप आणि विजेच्या वस्तू

दुधाच्या बाटल्यांच्या आत ओरखडे असतील किंवा प्लास्टिक धुरकट झालं असेल तर त्या वापरू नयेत, ओरखड्यांत जंतू राहतात. तळाला त्रिकोणात ७ आकडा असलेली जुनी कडक पारदर्शक बाटली पॉलिकार्बोनेटची असू शकते. बिस्फेनॉल-ए या रसायनामुळे अशा बाटल्या आता बाळासाठी वापरत नाहीत. जुनी रबरी बोंडं तर कधीच वापरू नका. खरं तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पुरेसं असतं आणि डॉक्टरांनी वरचं काही सांगितलंच तर स्टीलची वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं धुवायला सगळ्यात सोपं.

दूध काढायचा घरगुती पंप एकाच आईने वापरायचा असतो. दूध नळीतून मोटारीपर्यंत जातं, तिथे बुरशी धरते आणि ते उघडून धुता येत नाही. सख्ख्या बहिणीचा असला तरी नको.

विजेच्या वस्तूंच्या तळाची चिठ्ठी वाचा. अमेरिकेतून आलेल्या वस्तूवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावली तर ती जळते. आखातातल्या वस्तू बहुतेक आपल्या व्होल्टेजच्या असतात, पण त्यांची चौकोनी तीन पिन आपल्या सॉकेटात बसत नाही. माचिसची काडी खुपसून ती बसवायचा उद्योग करू नका, इलेक्ट्रिशियनकडून पिन बदलून घ्या.

खेळण्यांमध्ये चपटी बटणासारखी बॅटरी आहे का, ते आधी बघा. तिच्या झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं बाद. अशी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

बिनधास्त ठेवण्यासारखं

एवढं वाचून घाबरून जाऊ नका. बहिणीच्या खोक्यातला अर्ध्याहून जास्त माल उत्तम निघाला. कपडे (गळ्याच्या नाड्या ओढून काढल्या), सुती लंगोट, टॉवेल, दुपटी, अंघोळीचा टब, स्टीलची भांडी आणि ब्रेक व घडीची खिटी नीट लागणारी बाबागाडी. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवले की काम झालं.

नको असलेल्याचं काय करायचं?

इथेच बहुतेक घरं चुकतात. आम्हीही चुकलो होतो. वस्तू आपल्याला नको झाली की नजर जाते ती कामवाल्या मावशींकडे, गरीब नातेवाइकांकडे, नाहीतर मदरशाकडे आणि अंगणवाडीकडे.

सूरह बकराच्या २६७व्या आयतीत अल्लाहच्या वाटेवर देण्याबद्दल जी ताकीद आहे, तिचा आशय असा की जी वस्तू तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती निवडून देऊ नका. विक्रीच्या बाबतीत तर हदीसमध्ये स्पष्टच आहे की मालातला दोष लपवून विकणं मुसलमानाला जायज नाही. मग फुकट देताना दोष लपवणं कसं चालेल? घेणारा गरीब आहे, विचारायला लाजतो, म्हणून तर आपली जबाबदारी वाढते.

आम्ही ठरवलेला नियम सोपा आहे. स्वतःच्या बाळाला वापरू, तेच दुसऱ्याला द्यायचं. दोष असा असेल की दुरुस्त होतो, तर दुरुस्त करून द्यायचं किंवा तोंडाने सांगून द्यायचं. दुरुस्त होत नसेल तर वस्तू मोडायची.

मोडायची म्हणजे खरंच मोडायची. अख्खा वॉकर भंगारवाल्याला दिला की तो दुसऱ्या दिवशी त्याच्या हातगाडीवर विक्रीला लागतो. म्हणून वॉकरचं बसायचं कापड कापा, चाकं काढा, मग प्लास्टिक आणि लोखंड वेगळं करून द्या. गाडीच्या सीटचे पट्टे कापा आणि तिच्यावर जाड मार्करने 'वापरू नका' असं लिहा. पलंगाचे भाग वेगळे करा. बहिणीच्या नवऱ्याने त्या पलंगाच्या फळ्यांचं पुस्तकांचं कपाट सुताराकडून करून घेतलं. मऊ लोडांतला कापूस काढून मोठ्यांच्या उशांत भरला. पंप, यंत्र आणि बॅटऱ्या ओल्या कचऱ्यात न टाकता नगरपालिकेच्या किंवा अधिकृत ई-कचरा संकलनात द्या.

हे चालू असताना बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "चांगली वस्तू तोडताय, हा इसराफ नाही का?" प्रश्न रास्त होता. इसराफ वाईटच. पण जी वस्तू ज्या कामासाठी केली त्याच कामात जीव घेऊ शकते, ती चांगली कशी म्हणायची? लाकूड, लोखंड, कापूस आम्ही वाया घालवला नाही. आणि जीव वाचवणं हे शरीयतच्या मूळ उद्देशांपैकी एक आहे, हे त्यांनाही माहीत होतं. थोडा वेळ त्या बघत राहिल्या, मग स्वतःच कात्री घेऊन आल्या.

देणाऱ्याला कसं सांगायचं?

बहिणीला सगळ्यात मोठी धास्ती याचीच होती. आम्ही तिला एवढंच सांगितलं: खोटं बोलू नकोस आणि दोष मोजत बसू नकोस. आधी काय काय उपयोगी पडलं ते सांग, मग जे ठेवता येत नाही ते सांग, आणि कारण डॉक्टरांचं दे, आपल्या आवडीनिवडीचं नको.

तिने फोन लावला. कपड्यांचं, बाबागाडीचं सांगितलं. मग म्हणाली, "बाजी, वॉकर आणि पलंग मात्र आम्ही वापरणार नाही. डॉक्टरांनी मना केलंय."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग बाजी म्हणाल्या, "बरं केलंस. मधला त्याच वॉकरमधून तीन पायऱ्या खाली पडला होता. मी घरात कुणाला सांगितलंच नाही. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं."

आमच्या मावशींनीही पोराच्या चपळपणावर बोट ठेवलं होतं. वस्तूचा दोष आईच्या, आजीच्या माथी जातो, कुणी बोलत नाही आणि वस्तू पुढच्या घरी जाते. आपल्या माळ्यावर अशी एखादी वस्तू पडलेली असेल तर येत्या रविवारी ती खाली उतरवा. ठेवण्यासारखी असेल तर धुऊन ठेवा, देण्यासारखी असेल तर दोष सांगून द्या आणि दोन्ही नसेल तर कात्री घ्या.